स्टेशनामागची खोली

नवरा गेल्यापासून झुंबरबाईच्या घरी कुणी फिरकत नव्हतं. मूलबाळ झालंच नव्हतं. शेवटी जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला मावसभाऊ कडूबा म्हणाला, "अक्का, इथं एकटी काय करून राह्यलीस? चल, जागा तर बघ."

पिंपळगाव सोडून ती पहिल्यांदाच शहरात आली. नदीपल्याडच्या गल्लीत कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. "इथं नको," ती म्हणाली. मग कडूबानं तिला निजामाच्या काळातल्या रेल्वे स्टेशनामागं नेलं. तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप होतं. कडूबा किल्ली आणायला गेला आणि ती ओट्यावर टेकली.

शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आली.

"आलीस व्हय झुंबर? किती दिवस लावलेस!"

"तुम्ही मला कशा ओळखता?"

"ऐका हिचं! कमरबीलाच विसरली. घे, पाणी पी."

झुंबरबाईला भीती वाटायला हवी होती. पण तिचं नाव इतक्या मायेनं कुणी घेतल्याला वर्षं लोटली होती. ती पाणी प्यायली. हीच जागा घ्यायची, असं तिनं ठरवून टाकलं.

कडूबा आला आणि गंजलेल्या कुलपाशी खटपट करू लागला.

"जल्दी उघड रे बाबा," कमरबी म्हणाली. "लेकरू सकाळपासून रडून राह्यलं."

"कुणाचं लेकरू?" झुंबरबाईनं विचारलं.

कमरबी तिच्याकडं बघतच राहिली. "तुझंच की!"

कुलूप निघालं. दाराच्या फटीतून एक लहानसा हात बाहेर आला आणि त्यानं झुंबरबाईचा पदर धरला.

तिनं तो सोडवून घेतला नाही.