उबेचं वाण

संक्रांतीच्या सकाळी पाचगणीच्या वृद्धनिवासात शरयूताई वाण लुटायला निघाल्या, तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. वाण होतं निवासात सगळ्यांना दिलेल्या, अंगातल्या बंडीत. चाललं की ती बंडी ऊब साठवायची, आणि तळहाताला तळहात लावला की ऊब दुसऱ्याच्या बंडीत जायची. नवरा गेल्यापासून ताईंना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. म्हणून यंदा त्यांनीच खोली न् खोली गाठली.

शेवटची खोली वामनरावांची. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते खुर्ची सोडत नव्हते, त्यामुळे त्यांची बंडी कायम थंडगार.

"वाण बायकांचं असतं," ते गुरगुरले.

"गप हात पुढे करा!"

ऊब अंगात शिरली तसा त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांना ताईंचे वाजणारे दात ऐकू आले. सगळी ऊब वाटून बसली होती ही बाई!

वामनराव काठी घेऊन उठले आणि डॉक्टरांच्या नावानं खडे फोडत व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. परतले ते घामाघूम होऊन. त्यांनी तळहात पुढे केला.

"घ्या वाण. ही गेल्यापासून आमच्या घरातून पहिल्यांदाच निघतंय."