बेर्नोची सही

शनिवार, १९ जानेवारी १९५७. सकाळी साडेदहा वाजता सुंदराबाईने वडाळ्याच्या चिनीमातीच्या कारखान्यात मॅनेजरच्या टेबलावर एक बाहुली आणून ठेवली. वीतभर उंचीची, नऊवारीतली बाई. चेहरा सुंदराबाईचा. हातात खराटा.

"गिरगावात दुकानाच्या काचेत मांडलीय," ती म्हणाली. "शेजारणीने ओळखलं मला."

मॅनेजर गंगाधरपंतांनी बाहुली फिरवून पाहिली. "छान उतरलीय की. बस तू."

"तू कुणाला म्हणता? मोर्च्यातला झेंडा धरून उभी राहिले होते मी इथे. रविवारची सुट्टी घालवून. खराटा कुठनं आला?"

"झेंडा भट्टीत लवतो, बाई. म्हणून काढला. दांडा तोच आहे. खाली काड्या लावल्या, एवढंच."

"काड्याच कशा सुचल्या?"

"बीडीडी चाळीतली बाई म्हटल्यावर गिऱ्हाइकाला काहीतरी ओळखीचं दिसायला नको?"

"मी गिरणीत वाइंडिंगला आहे. खराटा आजीने धरला, आईने टाकला. तुमच्या घरी केर मंडळीच काढत असतील ना? त्यांना उभं करायचं होतं. ओळखीचं झालं असतं."

गंगाधरपंत लाल झाले. त्यांनी बेर्नोला बोलावणं पाठवलं.

लुसियाँ बेर्नो हा फ्रेंच शिल्पकार. मूळ आकृती त्याची. तीस वर्षं तो चिनीमातीच्या कारखान्यांना नमुने घडवून देत होता. आधी फ्रान्समध्ये, मग बेल्जियममध्ये, आता इथे. पहिल्या कारखान्याने त्याने घडवलेल्या आईच्या कडेवरचं मूल काढून बदक बसवलं. दुसऱ्याने खाणकामगाराच्या डोक्यात भोक पाडून विजेचा दिवा केला. दर वेळी बेर्नो चिडला. दर वेळी त्याने पुढचा नमुना दिला. सही मात्र सगळ्यांच्या तळाशी होती.

परळच्या रस्त्यावर झेंडा घेऊन चाललेली सुंदराबाई त्यानेच हेरली होती.

बाहुली पाहून तो तिच्याकडे वळला. "बाई, हम झंडा बनाया. कसम से. ये काम इनका."

सुंदराबाईने बाहुली उलटी केली. "ये सही किसका?"

"मेरा."

"फिर साचा तोडो."

"साचा कंपनीचा आहे," गंगाधरपंत म्हणाले.

"मी ह्याला विचारते. मला उभं ह्याने केलं."

बेर्नो साच्यांच्या खोलीत गेला. आतून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. गंगाधरपंत धावले. सुंदराबाई जागची हलली नाही. आवाज थांबेपर्यंत ती दाराकडे बघत राहिली.

बेर्नो बाहेर आला तेव्हा त्याचे हात प्लास्टरने पांढरे झाले होते. मागून गंगाधरपंत आले, शांत चेहऱ्याने.

"अब मेरा नाम नहीं," बेर्नो म्हणाला. सही साच्याच्या तळात होती. त्याने तेवढी खरवडून काढली होती.

"और झाडू?"

बेर्नोने गंगाधरपंतांकडे पाहिलं.

"वा रे साहेबा," सुंदराबाई मराठीत म्हणाली. "स्वतःची अब्रू तेवढी धुतलीस. माझं तोंड ठेवलंस तसंच."

तिला काय म्हणायचं आहे ते बेर्नोने गंगाधरपंतांना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी पेट्या भरलेली लॉरी निघाली. माल गिरगाव आणि दादरच्या दुकानांचा होता. सुंदराबाई फाटकात आडवी बसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग खाली उतरून हात जोडले. "मावशी, माझी नोकरी जाईल."

"तुझ्याशी भांडण नाही, बाबा. सावलीला बस."

गिरणीची पहिली पाळी सुटली तशा चाळीतल्या बायका येऊ लागल्या. बातमी कुणी नेली कळलं नाही. कुणी डबा आणला, कुणी झेंडा. एकीने पेटीतली एखादी तरी बाहुली दाखवा म्हणून हट्ट धरला. पाहिल्यावर ती सुंदराबाईशेजारी बसली.

पाच वाजता पोलिसांची गाडी आली. हवालदाराने काय पाहिजे विचारलं. "साचा," सुंदराबाई म्हणाली. हवालदार आत गेला. गंगाधरपंतांनी त्याला खुर्ची दिली आणि चहा मागवला.

सहा वाजता लॉरी आत होती, बायका फाटकात होत्या. हवालदार बाहेर आला नव्हता. साचा शाबूत होता.