जरा मोठ्यानं सांगा

"एकदा सांगितलं ना, माझ्या पोरीचं रक्त मिळणार नाही!"

दार लागणार तेवढ्यात नर्सने मध्ये पाऊल घातलं. दाराची कड बुटावर बसली. ती कळवळली, पण तिने पाऊल काढलं नाही.

गल्लीतलं हे शेवटचं घर. मागची भिंत थेट भट्टीच्या कुंपणाला टेकलेली. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं त्या भट्टीत वितळवत. जिल्ह्याची हवा, पाणी, माती माणसाला कितपत मानवते हे तपासायला सरकारी पथक आलं होतं. कोणी विहिरींचं पाणी बाटल्यांत भरत होतं, कोणी माती खणून पिशव्यांत. नर्सच्या वाट्याला लहान मुलांचं रक्त आलं होतं. बाकीच्या घरांनी कुरकुरत का होईना, मुलं पुढे केली. या घरातली सून मात्र तिला दर खेपेला दारातूनच वाटेला लावायची. "तिच्या नादी लागू नका, फार तिखट आहे ती," असं शेजारणींनी आधीच कानावर घातलं होतं.

"पाय काढा, ताई."

"काढते. पण नाही का म्हणता, तेवढं तरी सांगा. सुई टोचायची भीती वाटते का?"

सुनेने दार आणखी रेटलं. तिच्यामागे फरशीवर तिची मुलगी बसली होती. शाळेत जायच्या वयाची. बाटलीचं झाकण भोवऱ्यासारखं फिरवत होती. झाकण कलंडलं की "अं, अं" करायची. त्यापलीकडे शब्द नाही.

"बोलत नाही का अजून?" नर्सने हळूच विचारलं.

एवढ्यानेच सुनेचा ताठा गेला. दारावरचा हात सैल पडला.

"रक्तात सगळं निघतं म्हणे." तिचा आवाज इतका खाली गेला की नर्सला पुढे वाकावं लागलं. "ही पोटात असताना मी काय खाल्लं, काय नाही. माझ्यातलं काय हिच्यात उतरलं. उठता-बसता ऐकतेच आहे मी, आईनंच हेळसांड केली, आईतच खोट. उद्या तुमच्या तपासणीत तेच निघालं तर मी जायचं कुठे?"

नर्सने आधी गल्लीत मागेपुढे पाहिलं. पथकाच्या साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं, अहवाल जाहीर होईपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. भट्टीवाले कोर्टात जायला टपूनच बसले होते. एक शब्द बाहेर फुटला असता, तर सगळ्या पथकाची मेहनत पाण्यात गेली असती, आणि तिची नोकरीही. पण गल्लीतल्या इतर मुलांचे निकाल आजच सकाळी आले होते. ते तिने वाचले होते.

तिने नळ्यांची पेटी उंबऱ्यापाशी ठेवली आणि तिथेच खाली बसली. ती बसली म्हणून सूनही टेकली.

"तुमच्या लेकीचं रक्त बघितल्याशिवाय तिच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही," नर्स म्हणाली. "पण या गल्लीतल्या मातीत शिसं आहे. भट्टीचं. ते विष आहे. मुलं मातीत खेळतात, तोच हात तोंडात घालतात. मग ते रक्तात भिनतं, मेंदूपर्यंत जातं. मूल उशिरा बोलायला लागतं. कधीकधी बोलतच नाही. इथल्या ज्या ज्या मुलाचं रक्त घेतलं, त्या सगळ्यांच्यात ते सापडलंय. आता सगळ्यांच्याच आया काय हेळसांड करणाऱ्या होत्या?"



"म्हणजे... माझ्यामुळे नाही?"

"आईमुळे असं होत नसतं, बाई."

सुनेने डोळे पुसले. मग आत एकवार नजर टाकून म्हणाली, "ताई, हेच जरा मोठ्यानं सांगाल? आत सासूबाई आहेत."

नर्सला हसू आलं आणि रडूही. तोंड उघडून बसलोच आहोत, तर आता हळू काय नि मोठ्यानं काय! तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ओले हात घेऊन सासूबाई दारात आल्या. सून झटकन उठून उभी राहिली. आता या आपल्याला फैलावर घेणार, अशी नर्सने मनाची तयारी केली.

"ही माती अशी कधीपासून आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"भट्टी सुरू झाल्यापासून असणार, आजी."

"भट्टी मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीची."

एवढं बोलून त्या भिंतीच्या आधाराने खाली बसल्या. नातीला ओढून मांडीवर घेतलं, तिची बाही दंडापर्यंत वर सारली आणि तो बारीकसा हात नर्सपुढे धरला. सून दोन पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "माझा मधला मुलगा मरेपर्यंत मला कधी आई म्हणाला नाही."

सुनेने पहिल्यांदाच सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

सासूबाईंनी तो झटकला नाही. नातीच्या दंडावर नजर ठेवून त्या म्हणाल्या, "आणि मलाच बोल लावणारी माझी सासू हे न ऐकताच गेली."