पुढचे दात

"हाड छान भरलंय, गुरवकाका. आता खुशाल वाजवा सनई," डॉक्टरीणबाई एक्स-रे दाखवत म्हणाल्या. काकांनी पुढच्या दातांवरून हळूच जीभ फिरवली. एकही दात हलत नव्हता.

हिरड्यांच्या रोगानं त्यांच्या जबड्याचं हाड पोखरलं होतं. बाईंनी त्या खड्ड्यांत कृत्रिम हाडाची भुकटी भरली आणि सहा महिने सनईला तोंड लावायचं नाही म्हणून बजावलं. देवळाच्या नगारखान्यात चाळीस वर्षं वाजवणारा माणूस घरी तोंड मिटून बसला.

दवाखान्यातून ते सनईची पिशवी घेऊन थेट देवळात गेले. सांजआरती व्हायची होती. नगारखान्याच्या जिन्याशीच देवस्थानच्या कारकुनानं त्यांना थांबवलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. वरच्या स्पीकरमधून सनईवरचा मारवा घुमू लागला.

"तुमचंच वाजवणं आहे, काका," तो कौतुकानं म्हणाला. "तीस वर्षांपूर्वीच्या उत्सवाची कॅसेट सापडली. आता तुम्हाला जिना चढायचा त्रास नाही."

काका ऐकत राहिले. कुठे सूर हलत नव्हता, दम तुटत नव्हता. त्या तरण्या गुरवापुढं वाजवायची म्हाताऱ्याची छाती झाली नाही. पिशवीत घातलेला हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला.