बर्फाचा भाव

फौजदार शिपायांना घेऊन धाकट्याच्या बर्फाच्या कारखान्यात शिरले, तेव्हा थोरला रस्त्यापलीकडे आपल्या कारखान्याच्या खिडकीत उभा होता. हातातला चहा निवला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

शिपायांनी फाटक अडवलं. मागोमाग स्पर्धा आयोगाचे अधिकारी आत गेले. धाकटा आणि आणखी तीन बर्फवाले संगनमताने एकच भाव ठरवतात, ही तक्रार थोरल्यानेच केली होती.

भाव हे निमित्त. पोटात दुखत होतं ते वेगळंच. धाकट्याची नवी यंत्रं, नव्या गाड्या, बंदरावरची सगळी मोठी गिऱ्हाइकं. आईसुद्धा त्याच्याकडेच राहायला गेलेली. आणि हे चौघे गुपचूप एकत्र बसले, तर थोरल्याला कुणी साधं विचारलंही नाही!

त्याच्याकडे उरले होते फक्त जुने मासेवाले. यंत्र बंद पडो, बर्फ उशिरा जावो, ते हलले नव्हते. "अजून माणसाला माणसाची किंमत आहे," असं तो बायकोला छाती फुगवून सांगायचा.

दुपारी धाकट्याला चौकशीसाठी जीपमध्ये बसवलं. चढताना त्याने एकदा वर पाहिलं. थोरला खिडकीतून मागे सरला नाही.

संध्याकाळी फौजदार जबाबावर सही घ्यायला आले.

"तुमची तक्रार खरी निघाली. चौघांनीही कबूल केलं."

"मी म्हणालोच होतो! लहानपणापासून आतल्या गाठीचा आहे तो. सगळ्यांचा म्होरक्या तोच असणार."

"म्होरक्या कसला! तो तर यायलाच तयार नव्हता." फौजदारांनी कागद पुढे सरकवला. "बाकीच्या तिघांना तुमचा कारखाना बंद पाडायचा होता. तुमच्या मासेवाल्यांना निम्म्या भावात बर्फ द्यायचा, म्हणजे झालं. मासेवाले तर एका पायावर तयार होते."

"मग?"

"मग तुमचा भाऊ त्यांच्या एकसारखा भाव ठेवायच्या करारात सामील झाला. एकाच अटीवर. दादाच्या गिऱ्हाइकांना कुणी बर्फाचा तुकडासुद्धा विकायचा नाही."

थोरल्याच्या हातातलं पेन कागदावर टेकलं, ते तिथंच राहिलं.

"पण आता काळजी नको," फौजदार समाधानाने म्हणाले. "तो करार आम्ही मोडून काढलाय. उद्यापासून ज्याला हवं त्याने हव्या त्या गिऱ्हाइकाला विकावं."