दोन पोती पिठाचं गाणं

"नदी ओलांडायच्या आत तुझ्या तोंडून एक भजन काढते की नाही बघ! नाही काढलं, तर नावाची ड्रुसिला नाही!"

"काढ की." थर्झानं पीठ मळता मळता मान वर केली. "पाचशे मैल तुझा गळा ऐकतेय मी. तेवढ्यानं जमलं नाही, ते आता चार दिवसांत काय जमणार?"

पैज ठरली. म्हणजे दोघींच्याही पंथात पैज लावणं पाप, म्हणून कुणी तिला पैज म्हटलंच नाही. 'बोलणं झालं' एवढंच म्हणाले, आणि साक्षीला अख्खा तांडा गोळा झाला.

थर्झा क्वेकर. त्यांची प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी तासभर गप्प बसायचं आणि आत देव काही बोलतो का ते ऐकायचं. गाणं-बिणं काही नाही. ड्रुसिला मेथॉडिस्ट. तिचा देव बहुतेक कानानं अधू असावा, अशी ती गायची. मिझुरी सोडून पश्चिमेला नवी जमीन शोधत निघाल्यापासून दोघींच्या बैलगाड्या पुढे-मागे, चूल एक आणि भांडण रोज. ड्रुसिला हरली तर तिनं क्वेकरांसारखं तासभर गप्प बसायचं. थर्झा हरली तर तिनं पिंपावर चढून, सगळ्यांसमोर, तीनदा 'हालेलुया', म्हणजे देवाचा जयजयकार, ओरडायचा.

"ड्रुसिलाबाई तासभर गप्प?" तांड्याचा पुढारी कॅप्टन गॅरेट खिदळला. "जीव जाईल बाईचा!"

"तू तुझं घोडं बघ," थर्झा म्हणाली. तिच्या पंथात सगळी माणसं सारखी, म्हणून ती कॅप्टनलाही अरे-तुरे करायची. कॅप्टनला ते अजून पचलं नव्हतं.

चौथ्या दिवशी प्लॅट नदी आली. पाणी जेमतेम कमरेएवढं, पण पात्र अर्धा मैल रुंद आणि तळाला भुसभुशीत वाळू. नियम एकच, मध्ये थांबायचं नाही. थांबलेली गाडी वाळू गिळते.

ड्रुसिलाचा नवरा तापानं गाडीत आडवा, त्याच्या उशाशी दोन लेकरं. बैल तीच हाकत होती. तिची पुढची जोडी, स्टार आणि बेरी. त्यांना चाबूक माहीतच नव्हता. घर सोडल्यापासून ती त्यांच्या कानाशी भजन म्हणत चालायची आणि ते त्या चालीवर पाय टाकायचे. पण चार दिवस तांड्याच्या शेवटी चालून तिनं इतकी धूळ खाल्ली, की नेमका त्याच सकाळी घसा ठार बसला.

नदीच्या मधोमध स्टार थांबला. बेरी थांबला. मागचे सगळे बैल थांबले.

ड्रुसिलानं तोंड उघडलं. नुसती हवा.

"आई, गाडी खाली चाललीय!" आतून पोरगी ओरडली. चाकांचे आरे एकेक करून पाण्यात दिसेनासे होत होते. कॅप्टन घोडा घालून आला. त्यानं बेरीला दोन रट्टे दिले, तर बेरी उलटा मागे रेटायला लागला.

"गाडी सोडा! पोरं काढा!"

ड्रुसिलाचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण सगळ्यांना कळलं. आणि नवरा?

थर्झा बाजूलाच पाण्यात उभी होती, घागरा फुगून वर तरंगत होता. तिनं डोळे मिटले, तिच्या सभेत मिटायची तसेच. मग पुढे होऊन स्टारचं शिंग धरलं आणि सुरू केलं. चाल ड्रुसिलाची, पाचशे मैल कानांवर आदळलेली. शब्द मात्र तिनं हट्टानं कधी ऐकलेच नव्हते. मग तोंडात आलं ते गाडीतलं सामान:

"दोन पोती पीठ गं, बरणीभर मीठ,
खारं मांस, कॉफी सारी झाकून ठेव नीट!"

तिच्या आवाजापेक्षा वंगण नसलेलं चाक बरं. पण स्टारचा कान वळला. मग एक पाय उचलला.

"चालतोय! थर्झामावशी, थांबू नको!"

थर्झा कशाची थांबते! घेवडा झाला, मेणबत्त्या झाल्या, साबण झाला, सामान संपलं तशी पुन्हा पिठापासून सुरुवात. पलीकडच्या काठावरचे बाप्ये टोप्या उडवत "दोन पोती पीठ!" म्हणून ओरडायला लागले. चाकं वाळूतून सुटली, आणि पाणी गाळत गाडी काठावर चढली.

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि चिखलात आडव्या झाल्या.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्यावर कॅप्टननं निकाल दिला. "पिठामिठाचं काही भजन होत नाही. थर्झाबाई जिंकल्या. ड्रुसिलाबाईंनी तासभर गप्प बसायचं."

ड्रुसिलानं खुशीत मान डोलावली. घसा बसलेला, फुकटात सुटत होती.

"नाही," थर्झा म्हणाली. "मी हरले."

"अहो, पिठाच्या पोत्याची कुणी प्रार्थना करतं का?"

"शब्द पिठाचे होते रे. हाक पिठाला नव्हती."

ती पिंपावर चढली. घागऱ्यातून पाणी ठिबकत होतं. पहिला हालेलुया उंदरानं म्हटल्यासारखा. ड्रुसिलानं कानामागं हात धरला. दुसऱ्याला कॅप्टनचं घोडं बिचकलं. तिसरा नदी ओलांडून गेला, पल्याडच्या कड्यावर आपटला आणि परत आला.

कुणी हसलं नाही. थर्झा तोंड उघडं टाकून आपलाच आवाज ऐकत उभी होती.

ड्रुसिलानं तीन बोटं दाखवली. झालं, उतर आता.

"ते तीन तुझे," थर्झा म्हणाली. "हा माझा." आणि तिनं छाती भरून श्वास घेतला.