कै. आसाराम

“मला कावून मारलं गं माय?”

काउंटरवर कॅसेट ठेवून तो माणूस ईश्वरीकडे बघत उभा राहिला. साठीचा, तांबडा फेटा बांधलेला, मागे बायको. ईश्वरीने त्याला लगेच ओळखलं. गेल्या आठवड्यात दोन दिवस ती याच चेहऱ्यावर काम करत होती. तो वारला आहे असं समजून.

अंबाजोगाईच्या त्या मिक्सिंगच्या दुकानात कॉम्प्युटर येऊन वर्षच झालं होतं. लग्नाच्या कॅसेटी तिथे तयार व्हायच्या. शूटिंग आणि मिक्सिंग यांच्यामध्ये कधी कधी महिने जायचे, आणि तेवढ्यात एखादं म्हातारं माणूस जायचं. मग घरचे म्हणायचे, त्यांच्याभोवती उजेड घाला. ईश्वरी चेहऱ्याची कडा आखायची, त्याच चित्राची प्रत वर ठेवून ती धूसर करायची आणि प्रकाशाचा आकडा वाढवत न्यायची. एका सेकंदाला पंचवीस चित्रं. माणूस हलला की कडाही हलवायची. आता आसपासच्या गावांत सगळ्यांना कळत होतं, कॅसेटमध्ये जो उजळला तो गेला.

पडद्यावर कुणाकुणाची नावं टाकायची, त्याची चिठ्ठी घाटनांदूरहून आली होती. तीत लिहिलं होतं, ‘अक्षता वाटणारे, कै. आसाराम.’ तिने कैलासवासी वाचलं. ते कैलास होतं. आसाराम हे त्याच्या वडिलांचं नाव.

ईश्वरीने माफी मागितली. उद्यापर्यंत उजेड काढून देते म्हणाली. तोवर त्याची बायको छबुबाई हसत हसत सांगू लागली होती. कॅसेट बघायला जमलेल्यांत दिंद्रुडचा एक पाहुणा रडायलाच लागला, आणि मयत त्याच्या शेजारी बसून चहा पीत होतं. तीस सालांच्या संसारात या तोंडावर एवढं तेज आपण पहिल्यांदाच बघितलं, असंही ती म्हणाली.

कैलासने कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. दुकानातल्या टीव्हीवर तो स्वतःला अक्षता वाटताना बघत राहिला. कॅसेट मागे फिरवून आणखी एकदा बघितलं.

“नाव तेवढं पुरं लिव्ह,” तो म्हणाला. “उजेड राहू दे. जित्तेपनी कोन टाकतंय मानसावर?”

ते दोघं गेल्यावर ईश्वरीने खालचा कप्पा उघडला. तिथे तिच्या भावाच्या, महांतेशच्या लग्नाची कॅसेट सात महिने पडून होती. लग्नानंतर अकराव्या दिवशी त्यांचे वडील, अण्णा, गेले होते. महांतेशने एवढंच सांगितलं होतं, अण्णांना उजेड घाल. आई काही म्हणाली नव्हती. फक्त दर सोमवारी विचारायची, झाली का. ईश्वरी म्हणायची, दुकानात गर्दी आहे. गर्दी नव्हती. कॅसेटमध्ये अण्णा मांडवभर फिरत होते, आचाऱ्याशी हुज्जत घालत होते, व्याह्यांना पान देत होते. तिने त्या चेहऱ्याभोवती कडा आखली की ते गेलेच. मग ते इतर कैलासवासींसारखेच एक.

त्या दुपारी तिने कॅसेट मशीनमध्ये घातली.

सोळा दिवस लागले. मधेच लाइट जायची आणि सकाळपासूनचं काम बुडायचं. ती पहिल्यापासून सुरू करायची. महांतेश दोनदा दुकानात येऊन विचारून गेला, एका माणसाच्या उजेडाला एवढा वेळ? तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली नाही.

पुढच्या सोमवारी आईच्या विचारण्याआधीच तिने घरी कॅसेट लावली. सुरुवातीला मांडव दिसला, माणसं दिसली. महांतेश पुढे सरकला, मग गोंधळून बहिणीकडे बघू लागला. आई उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. अण्णा पान देऊन गेले, वरमाय झालेली ती स्वतः हसली, आचारी झारा हातात घेऊन वाकला, पोरं पंगतीतून पळाली. आईने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा नीट बघितलं.

“अगं, समदेच उजळलेत,” ती म्हणाली. “ह्यात गेलेलं कोन, वळखूच येईना.”